खिशातल्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर धूळ : उघडायचा, पाठवायचा की तसाच वापरायचा?

रानपाखरू

नमस्कार मंडळी,

सोमवती अमावास्येला जेजुरीला जाऊन आले. पालखी गडावरून निघाली तेव्हा भंडाऱ्याची उधळण इतकी होती की समोरची दीपमाळ दिसेना. माझ्याकडे लेन्स न निघणारा छोटा कॅमेरा आहे. एपीएस-सी सेन्सर (खिशातल्या कॅमेऱ्याच्या मानाने मोठा), २८ मिमीच्या तोडीची म्हणजे रुंद दृश्य घेणारी लेन्स, आणि बंद केला की लेन्स आत जाते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा लगेच कंपन्यांच्या भांडणावर जाईल.

घरी येऊन फोटो बघितले तर आकाशात वर डावीकडे एक करडा गोल डाग आणि त्याच्या शेजारी बारीक वाकडी रेघ. एफ/११ ला, म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) बारीक ठेवून काढलेल्या प्रत्येक फोटोत, अगदी त्याच जागी. देवळाच्या आत एफ/२.८ ला, छिद्र मोठं उघडून काढलेले फोटो मात्र स्वच्छ. लेन्सची काच पुसून पाहिली, फरक शून्य.

ज्यांची लेन्स निघते ते ब्लोअर मारून, स्वॅब फिरवून मोकळे होतात. आपल्याला ती सोय नाही. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर 'लेन्स आणि सेन्सरचा अख्खा भाग बदलावा लागेल' असं उत्तर आलं, आणि जो आकडा सांगितला त्यात याच मॉडेलचा जुना कॅमेरा मिळेल. व्हिडिओंमध्ये कोणी व्हॅक्यूम क्लीनर लावतो, कोणी सरळ स्क्रू खोलतो. तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का? काय केलंत?

घाटमाथा

आधी खात्री करून घ्या. निरभ्र आकाश किंवा पांढरी भिंत समोर घ्या, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) सगळ्यात कमी, ॲपर्चर सगळ्यात बारीक, फोकस मुद्दाम चुकवलेला. शटर मंद ठेवा आणि क्लिक होताना कॅमेरा हळूच सरकवा. भिंतीवरचे डाग पुसट होतील, सेन्सरवरचे जागचे हलणार नाहीत. मग फोटो संगणकावर उघडून कॉन्ट्रास्ट चढवा. लाइटरूम सॉफ्टवेअरमध्ये हील टूलखाली (डाग मिटवायचं साधन) 'व्हिज्युअलाइज स्पॉट्स' आहे, तो लावला की डाग काळ्या पडद्यावर पांढरे उठून दिसतात. कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर बघून काही ठरवू नका.

पुढच्या काचेवरची धूळ असा डाग पाडत नाही, ती फोकसच्या फार बाहेर असते. उन्हासमोर फोटो काढलात तर थोडा धुरकटपणा येतो, इतकंच. आणि डाग गडद नसून उलट झगझगीत, रंगीत, एका पिक्सेलएवढा असेल तर ती धूळच नाही, हॉट पिक्सेल आहे. त्यासाठी बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मेन्यूत पिक्सेल मॅपिंग असतं.

टपरीवाला

जेजुरीहून भंडारा घरी आणतातच, तुमच्या कॅमेऱ्यानेही आणला. येळकोट येळकोट जय मल्हार!
(वाचतोय. असलाच कॅमेरा माझ्याही खिशात आहे.)

मोगरा_

मी व्हॅक्यूम केलंय आणि माझं काम झालंय, म्हणून लिहिते. पातळ पुठ्ठ्याची नळी लेन्सभोवती बसेल अशी केली, दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूमचा पाइप, मधे फटी ठेवल्या म्हणजे ओढ फार जोरात बसत नाही. यंत्र सगळ्यात कमी जोरावर ठेवून कॅमेरा चालू-बंद, चालू-बंद केला. आकाशातला मधला मोठा डाग गेला. एक छोटा कोपऱ्यात सरकला, तो क्रॉपमध्ये जातो. सर्व्हिसचा खर्च वाचला.

पाना_पक्कड

मोगराताई, तुमचं काम झालं याचा आनंद आहे, पण दुसऱ्यांना हा सल्ला देऊ नका, हात जोडून सांगतो. या कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आतच असतं. शटरची आणि ॲपर्चरची पाती कागदाहून पातळ असतात. ती ओढ सहन करायला बनवलेली नाहीत. एक पातं खाचेतून सुटलं की कॅमेरा गेला. वर हवा जिथून ओढली जाते तिथूनच बाहेरची धूळ आत शिरते. खोलीत झाडू मारल्यानंतर लगेच हे केलंत तर आगीतून फुफाट्यात.

धूळ आत येते कशी तेही बघा. लेन्स बाहेर येते तेव्हा कॅमेऱ्याच्या आतली जागा वाढते, आत जाते तेव्हा कमी होते. म्हणजे दर चालू-बंदला सायकलच्या पंपासारखी हवा आत-बाहेर होते. बॅरलच्या (लेन्स धरणाऱ्या सरकत्या नळकांड्याच्या) नळ्यांमध्ये फट असल्याशिवाय त्या सरकणार नाहीत, आणि त्या फटीतून जे काही बॅरलवर बसलंय ते आत ओढलं जातं. समोरची आपोआप मिटणारी पाती काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून असतात, त्यांनी हवा अडत नाही.

सगळ्यात वाईट धूळ रस्त्यावरची नसते, खिशातली असते. जीन्सचा खिसा उलटा करून बघा, शिवणीत काय साठलंय ते. रानपाखरूंची ती वाकडी रेघ म्हणजे भंडारा नव्हे, सुताचा तंतू आहे.

रानपाखरू

@पाना_पक्कड, खिसा उलटा केला. पटलं.

फिरता_भोवरा

या भानगडीत कोण पडतो? रिको जीआर ३ घ्या, २०१९ पासून त्यात सेन्सर हलवून धूळ झटकायची सोय आहे. पहिल्या जीआर आणि जीआर २ मध्ये ती नव्हती. प्रश्न मिटला.

पाना_पक्कड

@फिरता_भोवरा, सोय आहे हे खरं, आणि ती रोज कॅमेरा चालू होताना चालेल अशी लावून ठेवावी हेही खरं. पण तिने कोरडी, सुटी धूळच हलते. चिकटलेला कण हलत नाही. ही युक्ती ऑलिंपसने २००३ च्या ई-१ मध्ये आणली, पण त्या कॅमेऱ्याची लेन्स निघत होती. तिथे उरलेला कण ब्लोअरने बाहेर काढता येतो. आपल्या कॅमेऱ्यात झटकलेला कण कॅमेऱ्याच्या पोटातच राहतो, आज इथून पडला की उद्या दुसरीकडे बसतो. म्हणून प्रश्न कमी होतो, मिटत नाही.

वर्गमूळ

डाग एफ/११ ला दिसतो आणि एफ/२.८ ला गायब होतो, यामागे सोपं गणित आहे, आणि ते कळलं की निम्मी काळजी संपते.

धूळ सेन्सरच्या पिक्सेलवर बसत नाही. पिक्सेलच्या पुढे काचेचे थर असतात, त्यावर बसते. समजा कण पिक्सेलपासून २ मिमी वर आहे आणि त्याची रुंदी ०.०५ मिमी. त्याची सावली पसरते ती अंतर भागिले एफ-आकडा इतकी. एफ/१६ ला २ ÷ १६ = ०.१२५ मिमी. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर ते होतात साधारण ३२ पिक्सेल. एफ/२.८ ला तीच सावली ०.७ मिमीवर पसरते.

आता कणाने अडवलेला उजेड तेवढाच, तो मोठ्या जागेवर वाटला गेला. मधोमध किती अंधार पडतो ते कणाच्या आणि सावलीच्या रुंदीच्या गुणोत्तराचा वर्ग केला की मिळतं:

एफ/१६ : १६ टक्के
एफ/११ : साडेसात टक्के
एफ/८ : ४ टक्के
एफ/५.६ : २ टक्के
एफ/२.८ : अर्धा टक्का

दर स्टॉपला (म्हणजे आत येणारा उजेड निम्मा करणाऱ्या छिद्राच्या प्रत्येक पायरीला) डाग जवळपास दुप्पट गडद होतो. निळ्या आकाशात १६ टक्के कोणालाही दिसेल, २ टक्के शोधून सापडेल, अर्धा टक्का छापील फोटोत कोणी दाखवून द्यावा. काचेची जाडी कॅमेऱ्यागणिक बदलते, म्हणून आकडे पुढेमागे होतील, चढता क्रम तोच राहील.

माझं मत असं, की एपीएस-सीवर एफ/१६ ला जायचं कारणच नसतं. एफ/११ च्या पुढे डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्याने) सगळा फोटोच मऊ पडत जातो. डाग लपवायला नव्हे, चांगल्या फोटोसाठीच एफ/५.६ ते एफ/८ मध्ये राहा.

टपरीवाला

वर्गमूळकाका, दहावीच्या गणिताच्या मास्तरांनी हे उदाहरण दिलं असतं तर मी शेवटच्या बाकावर झोपलो नसतो.

कासेगावकर

गणित मान्य. पण कडक उन्हात एफ/५.६ ला फोटो पांढरा पडणार नाही का? दुपारी बारा वाजता वारीत काढायचे असतील तर?

वर्गमूळ

नाही पडणार. कडक उन्हाचा जुना ठोकताळा : आयएसओ १०० ला एफ/१६ वर शटर १/१००. एफ/५.६ म्हणजे तीन स्टॉप उघडं, शटर १/८००. कोणत्याही कॅमेऱ्याला सहज जमतं. एफ/२.८ ला मात्र १/३२०० लागेल, आणि लेन्समधलं शटर उघड्या ॲपर्चरला तिथपर्यंत पोचेलच असं नाही. त्यासाठीच या कॅमेऱ्यांत एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) आतच बसवलेला असतो. रिको जीआर ३ मध्ये दोन स्टॉपचा, फुजीफिल्म एक्स१००व्ही मध्ये चार स्टॉपचा. मेन्यूत असूनही अनेकांनी तो कधी लावलेला नसतो.

दुबईकर

इथे वाळूचं वादळ आलं की दार-खिडक्या बंद असूनही टेबलावर थर बसतो. धुळीपेक्षा वाळू वाईट, कारण ती क्वार्ट्झ. बॅरलच्या नळ्यांमध्ये एक कण अडकला की लेन्स करकरते आणि मग अर्ध्यावर थांबते. असा आवाज आला तर जबरदस्तीने बंद करू नका. लेन्स बाहेर असतानाच कॅमेरा उलटा, तोंड जमिनीकडे, आणि रबरी ब्लोअरने बॅरलच्या सांध्याभोवती फुंका. डब्यातली दाबलेली हवा नको, तिच्यातला थंड द्रव काचेवर उडतो.

मी शेवटी लेन्स बाहेर न येणारा प्रकारच पत्करला. एक्स१००व्ही ला पुढे ॲडॉप्टर रिंग आणि ४९ मिमीचा फिल्टर लावल्यावरच ती हवामानरोधक होते, एरवी पुढची बाजू उघडी असते. दुकानदार ते सांगत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो. लायका क्यू२ आणि क्यू३ ला आयपी५२ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन) आहे. त्यातला ५ म्हणजे 'त्रास होण्याइतकी धूळ आत जाणार नाही', 'अजिबात जाणार नाही' यासाठी ६ लागतो.

नवखा_२

बावळट प्रश्न असेल तर माफ करा. फोनच्या कॅमेऱ्याला हा त्रास का होत नाही? माझा फोन रोज खिशात असतो.

घाटमाथा

प्रश्न चांगला आहे. फोनची लेन्स बाहेर येत नाही, म्हणजे हवेची ये-जा नाही. लेन्स आणि सेन्सर एका छोट्या बंद डबीत असतात. ॲपर्चरही बहुतेक फोनमध्ये एकच, तेही उघडं.

अंधारखोली

मी चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, डिजिटल उशिरा हातात घेतलं. फिल्मच्या कॅमेऱ्यात हा त्रास नव्हता कारण दर फ्रेमला नवी फिल्म पुढे येते. कण बसला तरी एका फोटोपुरता, पुढच्या फ्रेमला तो फिल्मबरोबर निघून जातो. सेन्सर तोच राहतो, म्हणून कणही तिथेच राहतो.

पण म्हणून आम्ही धुळीतून सुटलो होतो असं समजू नका. निगेटिव्ह वाळताना तिच्यावर जे बसेल ते एन्लार्जरमध्ये उजेड अडवणार आणि प्रिंटवर पांढरा ठिपका येणार. निगेटिव्ह न्हाणीघरात टांगायचो, आधी गरम पाणी सोडून वाफ करायची, वाफेने हवेतली धूळ खाली बसते. तरीही ठिपके यायचेच. मग तीन शून्याचा ब्रश, स्पॉटिंगची शाई जवळच्या करड्या छटेइतकी पातळ करून, आणि ठिपक्याच्या आत टोकाने एकेक बिंदू टेकवायचा. ब्रश ओढायचा नाही. ओढला की कड दिसते. लग्नाच्या मोठ्या प्रिंटवर तासभर जायचा. गिऱ्हाईकाला ते काम कधी दिसलं नाही, आणि दिसू नये हीच त्याची परीक्षा.

सांगायचं कारण, आता पडद्यावर हील टूलने डाग काढणं अनेकांना फसवणूक वाटतं. ती नाही. फोटोग्राफीच्या कामात हे पहिल्यापासून आहे.

मीठभाकर

@अंधारखोली काका, स्पर्धांमध्ये चालतं का? 'फोटोत फेरफार नको' असा नियम असतो.

घाटमाथा

वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या स्पर्धेचे नियम या बाबतीत कडक म्हणून ओळखले जातात. फोटोतून काही काढायचं नाही, घालायचं नाही. पण सेन्सरवरची धूळ आणि स्कॅन केलेल्या निगेटिव्हवरचे ओरखडे काढायला त्यात स्पष्ट मुभा आहे. काकांचं म्हणणं तिथेही मान्य झालेलं आहे. पक्षी मात्र धूळ समजून काढू नका, रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) मागतात.

कोकणकडा

थोडं विषयांतर. धुळीपेक्षा आमच्याकडे बुरशी. रत्नागिरीत पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवला की गणपतीपर्यंत काचेवर जाळं. सिलिका जेलच्या पुड्या पुरतात का?

पाना_पक्कड

हवाबंद डब्यात ठेवल्या आणि वेळेवर तापवून कोरड्या केल्या तर पुरतात. उघड्या कपाटात काही उपयोग नाही. डब्यात दहा-वीस रुपयांची पुडी टाकण्यापेक्षा छोटा आर्द्रतामापक आधी आणा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. फार कोरडंही नको, वंगण सुकतं. चामडी पाकिटात कॅमेरा ठेवून पावसाळा काढू नका, बुरशीला चामडं आवडतं. आणि वापरत राहा. उजेड-वाऱ्यात रोज फिरणाऱ्या कॅमेऱ्याला बुरशी सहसा धरत नाही.

लाल_मातीचा

मूळ प्रश्नाकडे : स्वतः उघडण्याबद्दल कोणीच बोललं नाही. मी उघडलाय. मागचं झाकण, पडदा, दोन फ्लॅट केबल, सेन्सरची पाटी. शांतपणे केलं तर एका संध्याकाळी होतं.

पाना_पक्कड

@लाल_मातीचा, हात स्थिर असलेल्याला जमतं, नाकारत नाही. पण वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी लिहायलाच हव्यात.

एक, ज्या कॅमेऱ्यात फ्लॅश आहे त्यात फ्लॅशचा कपॅसिटर असतो. बॅटरी काढल्यावरही त्यात शेकडो व्होल्ट शिल्लक राहतात. बोट लागलं तर हात झटकून कॅमेरा भिंतीवर जाईल हे त्यातल्या त्यात चांगलं. तो आधी नीट डिस्चार्ज करता येत नसेल त्याने स्क्रूला हात लावू नये.

दोन, सेन्सरच्या पाटीखाली पातळ चकत्या किंवा स्प्रिंगवरचे स्क्रू असतात. सेन्सर लेन्सला अगदी समांतर बसावा म्हणून कारखान्यात ते जुळवलेले असतात. एक चकती इकडची तिकडे झाली की फोटोची एक बाजू कायमची मऊ. आकाशातला डाग जाईल आणि त्याच्या बदल्यात डावा कोपरा जाईल. सेन्सर हलवून स्थिर करणाऱ्या मॉडेलमध्ये तर पाटी तरंगतीच असते, ती घरी उघडू नयेच. आणि जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू पुष्कळदा जेआयएस (जपानी मानकाच्या) खाचेचे असतात, साध्या फिलिप्स पेचकसने खाच गोल होते.

लाल_मातीचा

कपॅसिटरचं बरोबर आहे, लिहायला हवं होतं. माझ्या मॉडेलला फ्लॅश नव्हता. चकत्यांचे फोटो काढून, प्रत्येक स्क्रूशेजारी टेपवर आकडा लिहून मग खोललं होतं. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने उघडू नये, इतकं मान्य. पण 'कोणीच उघडू नये' हे मला पटत नाही. वॉरंटी संपलेला, सर्व्हिसवाले हात वर करणारा कॅमेरा कपाटात पडून राहण्यापेक्षा उघडलेला बरा.

मोगरा_

यावर माझा पाठिंबा. दुरुस्ती शिकायची ती अशीच.

चौकट_उभी

मी रस्त्यावरचे काळे-पांढरे फोटो काढते, कॉन्ट्रास्ट भरपूर. त्यात धूळ जास्त टोचते, कारण लाल फिल्टरचा परिणाम लावला की निळं आकाश गडद होतं आणि मधला प्रत्येक फरक ताणला जातो. उलट भिंती, झाडं, गर्दी असेल तर डाग असूनही सापडत नाही.

वेळ वाचवायची पद्धत : डाग सगळ्या फोटोंत एकाच जागी असतो, म्हणून एका फोटोवर हील करून तीच दुरुस्ती उरलेल्या सगळ्यांवर सिंक करायची. डार्कटेबल हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात रिटच मॉड्यूल लावून हिस्टरी कॉपी-पेस्ट. उभ्या चौकटीचे आणि गर्दीवर डाग आलेले फोटो हाताने तपासा, नाहीतर एखाद्याच्या गालावर फेट्याचा तुकडा येतो. फक्त जेपेग काढणाऱ्यांनी आठवड्याला एकदा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून बघावा, म्हणजे महत्त्वाच्या प्रवासाआधी कळतं.

रानपाखरू

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटमाथा यांनी सांगितल्याप्रमाणे चाचणी केली. एफ/१६ ला बरेच डाग निघाले, मी फक्त मोठेच पाहत होते. एफ/५.६ ला तोच मोठा डाग मुद्दाम शोधल्यावर अंधुक दिसतो, रेघ दिसतच नाही. कॅमेरा उघडणार नाही, व्हॅक्यूमही नाही. मुंबईला जाणं झालं की बोरा बाजारात एखाद्या जुन्या कारागिराला दाखवेन, तोवर एफ/५.६.

पण पुढच्या यात्रेला काय करू? पट्टण कोडोलीला जायचंय, तिथेही भंडारा उधळतात. कॅमेरा घरी ठेवून जाणं मला जमणार नाही.

पाना_पक्कड

घरी कशाला ठेवता? उधळण सुरू होण्याआधी कॅमेरा चालू करा आणि संपेपर्यंत बंद करू नका. मेन्यूतला ऑटो पॉवर ऑफ काढून टाका, नाहीतर तो आपणहून लेन्स आत घेईल. हवेत पूड असताना लेन्स एकदाही आत-बाहेर झाली नाही पाहिजे. जादा बॅटरी लागेल, ती बदलतानाही बंद करावा लागतो, म्हणून आधी पूर्ण भरलेली घाला आणि बदलायचीच वेळ आली तर आडोशाला जा.

घरी आल्यावर लेन्स बाहेर असतानाच मऊ कोरड्या ब्रशने बॅरलचे सांधे झाडा, कॅमेऱ्याचं तोंड खाली. ओला कपडा नको, हळद ओली झाली की चिकटते आणि डागही देते. मग बंद करा. नुसते फोटो बघायचे असतील तर बऱ्याच कॅमेऱ्यांत प्लेबॅकचं बटण दाबून धरलं की लेन्स बाहेर न येता कॅमेरा चालू होतो. एरवी खिशात घालताना चेनची छोटी पिशवी वापरा, आणि ती पिशवी अधूनमधून उलटी करून धुवा.

जीआर ३ वाल्यांसाठी : जीए-१ ॲडॉप्टरची नळी आणि पुढे ४९ मिमीचा फिल्टर लावला तर लेन्स नळीच्या आतच पुढे-मागे होते. खिशात मावत नाही, पण यात्रेत खिशात ठेवायचा कोणाला असतो?

वर्गमूळ

उधळणीत ऑटोफोकस पुडीवर अडकतो, म्हणून अंतर ठरवून ठेवा. १८.३ मिमी लेन्स असेल (२८ मिमीच्या तोडीची) तर २.५ मीटरवर फोकस आणि एफ/८ : साधारण १.१ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट. एफ/५.६ ला तोच फोकस सुमारे १.४ ते १५ मीटर. गर्दीत तेवढं पुरतं.

नवखा_२

शेवटचा प्रश्न. असा कॅमेरा सेकंडहँड घ्यायचा विचार आहे. विकणारा म्हणतो 'एकदम कंडिशनमध्ये'. काय मागू?

घाटमाथा

एफ/१६ ला काढलेला निरभ्र आकाशाचा फोटो, मूळ फाइल, व्हॉट्सॲपवरून नव्हे तर मेलने. व्हॉट्सॲप फोटो दाबून छोटा करतं, त्यात डाग विरघळतात. फाइलच्या माहितीत एफ-आकडा आणि तारीख बघून घ्या. द्यायला टाळाटाळ केली तर समजून जा. प्रत्यक्ष भेटलात तर चालू-बंद करताना कान लावून ऐका, लेन्स करकरता कामा नये. आणि चारही कोपऱ्यांचा एखाद्या विटांच्या भिंतीवर फोटो काढा. एक कोपरा मऊ दिसला तर कॅमेरा आधी कोणीतरी उघडलेला असण्याची शक्यता आहे.

लाल_मातीचा

किंवा पडलेला असेल. मऊ कोपऱ्याचं बिल दर वेळी आमच्यावर फाडू नका.